मूनवॉकच्या मागचा मायकेल

गॅदरिंगला मायकेल जॅक्सन म्हटलं की काळी टोपी, एक पांढरा हातमोजा आणि मागे घसरत जाणारा सेकंड इयरचा कोणीतरी पोरगा! शिट्ट्या, टाळ्या, खेळ खल्लास. माझं स्पष्ट मत आहे, या नाचापायी आपण त्याचा गळा ऐकायचाच विसरलो.

'थ्रिलर' (१९८२) घ्या. नऊपैकी सात गाणी सिंगल म्हणून निघाली आणि गाजली. उरली दोन: 'बेबी बी माइन' आणि 'द लेडी इन माय लाइफ'. दोन्ही रॉड टेम्परटनची. दुसरं तर अल्बमच्या अगदी शेवटी, तिथवर पोचेपर्यंत पब्लिक उठून मेसला गेलेली असते. पण शेवटी शेवटी तो शब्दांशी जे खेळतो ना, ते एकदा हेडफोन लावून ऐकाच.

'ऑफ द वॉल' (१९७९) मधलं 'आय कान्ट हेल्प इट' स्टीव्ही वंडर आणि सुझे ग्रीन यांनी लिहिलेलं. ना व्हिडिओ, ना नाच. नुसता तरंगणारा आवाज.

आणि 'स्ट्रेंजर इन मॉस्को'. १९९३ च्या दौऱ्यात, गंभीर आरोप होत असताना लिहिलेलं, 'हिस्टरी'मध्ये (१९९५) आलं. आरोपांबद्दल ज्याने त्याने आपलं मत ठरवावं. गाणं आवडणं म्हणजे माणसाला क्लीन चिट देणं नव्हे. पण इतक्या गर्दीतला माणूस किती एकटा असू शकतो, हे पीएलमध्ये विंग रिकामी झाल्यावर ऐकलं की बरोब्बर कळतं.

तेव्हा पुढच्या गॅदरिंगला कोणीतरी नुसतं उभं राहून त्याचं गाणं गा की राव! टोपी रूमवरच ठेवा.