लघवी लाल, तळवे पिवळे: रंग अन्नाचा की आजाराचा?

खाण्यातल्या रंगांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने ‘म्हातारीचे केस’ म्हणजे कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यात ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला. मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग टाकायला मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिन या लाल रंगाची परवानगी काढून घेतली आणि एप्रिलमध्ये पेट्रोलियमपासून बनणारे बाकीचे खाद्यरंगही हळूहळू हटवण्याचं जाहीर केलं. त्यांच्या जागी आता बीट, गाजर, हळद, शेंद्री यांचे रंग येत आहेत.

बदल चांगलाच आहे. पण ‘झाडापानांचा रंग म्हणजे बिनधोक’ असं धरून चालू नका. आणि एखाद्या भाजीचा रंग अंगावर किंवा लघवीत दिसला म्हणून ‘मला तिची अ‍ॅलर्जी आहे’ असंही लगेच ठरवू नका. या दोन्ही चुका सर्वांत जास्त होतात त्या कडक डाएटवर किंवा लांबलचक उपवासात. कारण सोपं आहे. एरवी ताटात दहा पदार्थ थोडे थोडे असतात. डाएटवर तीन-चारच उरतात आणि ते पोटभर खाल्ले जातात. श्रावणात किंवा नवरात्रात रोज पपई, सकाळी बीट-गाजराचा रस, रात्री लाल भोपळ्याचं सूप. एवढा रंग पोटात गेला की तो कुठेतरी दिसणारच.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते बीट. दर शंभरातल्या साधारण दहा ते चौदा जणांची लघवी बीट खाल्ल्यावर गुलाबी किंवा लाल होते. बीटमधला बीटानिन हा रंग त्यांच्या पोटात पूर्ण मोडत नाही, तो तसाच रक्तात जातो आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. यात अ‍ॅलर्जी नाही, इजाही नाही. मात्र शरीरात लोह कमी असलेल्यांमध्ये हे जास्त वेळा दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून बीट खाऊन लघवी लाल झाली तर बीटला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. जाता जाता आणखी एक गोष्ट: बीटचा लाल रंग म्हणजे लोह नव्हे. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम एक मिलिग्रॅम असतं. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवून बीटचा रस पीत बसण्यात अर्थ नाही. (त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, तेही रंगाचंच काम आहे. घाबरू नका.)

मग लाल लघवीची काळजी कधी करायची? बीट दोन दिवस पूर्ण बंद करा. रंग गेला, तर विषय संपला. रंग राहिला, किंवा तो गुलाबी नसून कोऱ्या चहासारखा तपकिरी असेल, सोबत ताप, धाप, पोटात-हाडांत दुखणं किंवा डोळे पिवळे असतील, तर दोन दिवसही थांबू नका.

चारोटी, कासा, तलासरी या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला हवं. डहाणू-तलासरीतल्या आदिवासी कुटुंबांमध्ये सिकल सेल आजार आढळतो. पश्चिम भारतातल्या काही आदिवासी समाजांत जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरताही आहे. ही कमतरता असेल तर मलेरियासाठी दिलेल्या प्रायमाक्विनसारख्या औषधांनी तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी गडद होते. सिकल सेलमध्ये पेशी सतत फुटत असल्याने डोळे पिवळसर राहतात. अशा घरात ‘काल बीट खाल्लं होतं ना’ किंवा ‘गाजर जास्त झालं’ म्हणून दिवस घालवणं महागात पडू शकतं. लघवीची साधी तपासणी रक्त आणि बीट यांतला फरक सांगते. सिकल सेलची प्राथमिक चाचणीही साधी आहे, बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. त्यासाठी देशपातळीवरची मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कासा उपजिल्हा रुग्णालयात विचारा.

पिवळेपणाचंही असंच. गाजर, पपई, आंबा, लाल भोपळा यांतलं कॅरोटिन रोज भरपूर गेलं की तळहात, तळपाय आणि नाकाच्या बाजूची त्वचा पिवळी-केशरी दिसू लागते. लहान बाळाला रोज गाजराचीच पेज भरवली की हमखास दिसते. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र पांढराच राहतो. डोळे पिवळे झाले की ती कावीळ समजून तपासणी करायची, गाजरावर ढकलायची नाही. कॅरोटिनचा रंग उतरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. फारसं गाजर न खाता तळवे पिवळे झाले असतील, तर थायरॉइड आणि साखर तपासायला हरकत नाही.

आता खरी अ‍ॅलर्जी. ती असते, पण कमी. लोणी-चीजला पिवळा रंग देणारी शेंद्री (पाकिटावर आयएनएस १६०बी) आणि केशर यांमुळे गंभीर अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. १९७८ मध्ये अंगावर वारंवार पित्त उठणाऱ्या ६१ रुग्णांपैकी ५६ जणांना पथ्यावर ठेवून शेंद्रीचा रंग देण्यात आला. २६ टक्क्यांना त्रास झाला, टार्ट्राझिन या कृत्रिम पिवळ्या रंगाने ११ टक्क्यांना. हे सगळे आधीच पित्ताचे रुग्ण होते, त्यामुळे तो आकडा सर्वसामान्यांना लावू नका. तरीही ‘नैसर्गिक रंग’ एवढं वाचून निर्धास्त होऊ नये, इतकं त्यातून नक्की कळतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या, ही अ‍ॅलर्जीची लक्षणं. घसा आवळला, श्वास लागला, चक्कर आली तर १०८ ला फोन करा.

आणि घशाची प्रत्येक खाज म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. पावसाच्या सुरुवातीला येणारी शेवळं किंवा अळू घशाला खाजवतात ते हिरव्या रंगामुळे नाही, तर त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. शेवळांत काकडं आणि अळूत चिंच घालायची रीत त्यासाठीच आहे.

एखाद्या पदार्थावर संशय असेलच, तर एका वेळी एकच बंद करा, दोन ते चार आठवडे. काय खाल्लं, कधी त्रास झाला हे वहीत लिहा. मग तो पदार्थ थोडा खाऊन बघा; पूर्वी श्वास लागला असेल तर मात्र हा प्रयोग घरी नको. शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ रक्ततपासणी हजारो रुपये घेते आणि बहुतेक वेळा आयजीजी मोजते. आयजीजी वाढणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच ही चाचणी निदानासाठी वापरू नका असं सांगितलं. त्या यादीवरून गहू, दूध, डाळी, टोमॅटो सगळं सोडून मुलांची वाढ खुंटली, तर ते नुकसान कुठल्याही रंगापेक्षा मोठं.

गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं पथ्य सुरू करू नये. सिकल सेल असेल तर निर्जळी उपवास करूच नका: अंगातलं पाणी कमी झालं की पेशी वाकड्या होऊन अडकतात आणि असह्य दुखणं सुरू होतं.