कळत नाही, तरी बारा पॉइंट्स!

दरवर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी मी 'बिझी' असते. कुणाचं लग्न असो, बर्थडे असो, नाहीतर ब्रेकअप... सॉरी, नो एंट्री! रात्री साडेबाराला लॅपटॉप ऑन, शेजारी चिवड्याचा डबा, आणि पहाटे साडेचारपर्यंत मी युरोपात. युरोव्हिजन, बॉस!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी शॉर्टमध्ये सांगते. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला सात देश जमले आणि त्यांनी गाण्यांची स्पर्धा घेतली. तीच आता वाढत वाढत एवढी झालीय. प्रत्येक देशाचं एक गाणं, तीन मिनिटांच्या आत, मेन सिंगरने लाइव्ह गायचं. मग प्रत्येक देश बाकीच्यांना १२, १०, ८, ७ असे पॉइंट्स वाटतो. स्वतःला द्यायचे नाहीत. (ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा देतात हा जोक आता म्हातारा झालाय, पण मी दरवर्षी हसते.) अर्धे मार्क तज्ज्ञ ज्युरींचे, अर्धे पब्लिकचे. आणि २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांची ऑनलाइन मतंही धरतात, सगळी मिळून एका देशाएवढी. म्हणजे पुण्यातल्या माझ्या बेडरूमलाही चिमूटभर मत आहे!

ऑफिसमध्ये हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : "सगळी इंग्लिश गाणी असतात ना?"

इथेच तर माझं भांडण आहे.

सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या भाषेत गायचा. असा लेखी नियम नव्हता, कारण त्याची गरजच वाटली नव्हती. १९६५ला स्वीडनने इंग्लिशमध्ये गाऊन टाकलं आणि १९६६पासून नियम आला : गाणं आपल्या देशाच्या भाषेतच हवं. १९७३ला तो उठवला, म्हणून १९७४ला अ‍ॅबा 'वॉटर्लू' इंग्लिशमध्ये गाऊन जिंकू शकले. १९७७ला नियम परत आला आणि १९९९ला परत गेला. त्यानंतर जे झालं ते आपल्याला सांगायला नकोच. सगळ्यांनी धावत जाऊन इंग्लिशचा कोट चढवला. १९९९ ते २००६, आठही विजेती गाणी इंग्लिशमध्ये. फक्त २००४ला युक्रेनच्या रुस्लानाने अधेमधे थोडं युक्रेनियन पेरलं होतं.

त्या काळातली माझी सगळ्यात लाडकी एंट्री बेल्जियमची, २००३ची. 'सानोमी'. तिची भाषा कुठली, माहितेय? कुठलीच नाही! बनवलेली. अख्खं गाणं काल्पनिक भाषेत. टर्कीला १६७, बेल्जियमला १६५. जगात कुणीच बोलत नाही अशी भाषा, आणि हरली फक्त दोन पॉइंट्सनी! आणि २००७ला सर्बियाची मारिया शेरिफोविच सूट घालून सरळ उभी राहिली, 'मोलित्वा' गायली आणि जिंकली. ना पंखा, ना उड्या. सर्बियनमध्ये.

हे सगळं मी नंतर शोधून शोधून पाहिलं. पहिल्यांदा लाइव्ह पाहिलं ते २०१७ला. आणि त्याच्या चारच महिने आधी मी एक पाप केलं होतं.

कॉलेजच्या बँडमध्ये मी शब्द लिहायचे. एका फेस्टसाठी पावसावर गाणं लिहिलं होतं, मराठीत. आदल्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, "जजेस टाउनचे आहेत, मराठी कोण ऐकणार?" बस! कुणी वाद घातला नाही. मी तर नाहीच नाही. एका रात्रीत बसून गाणं इंग्लिश केलं. 'रिपरिप'ला काय लिहायचं यावर दोन तास डोकं फोडलं आणि शेवटी लिहिलं 'ड्रिझल'. आता ड्रिझल म्हणजे रिपरिप नव्हे, हे कोकणात एक जुलै काढलेला कुणीही सांगेल. आमचा तिसरा नंबर आला. तिघांत.

तर मे २०१७, कीव्ह. एकामागून एक एलईडी स्क्रीन, धूर, केस उडवणारे पंखे. आणि मग मधल्या एका छोट्याशा गोल स्टेजवर एक मुलगा येऊन उभा राहिला. कोट बहुतेक थोरल्या भावाचा असावा, इतका ढगळ. साल्व्हादोर सोब्राल, पोर्तुगाल. गाणं त्याच्या बहिणीने, लुईझाने लिहिलेलं. 'आमार पेलुश दोइश', म्हणजे दोघांच्याही वाटचं प्रेम करणं. त्याला हृदयाचा गंभीर आजार होता. इतका, की सुरुवातीच्या रिहर्सल्सना त्याच्याऐवजी बहीणच स्टेजवर उभी राहिली होती.

तो गात असताना आई पाणी प्यायला उठली होती. "अजून जागी?" हे विचारायला तोंड उघडलं आणि तशीच दारात उभी राहिली. तीन मिनिटं. मग म्हणाली, "काय म्हणतोय गं?" मी म्हटलं, "माहीत नाही." "बरं," म्हणाली आणि माझ्या बाजूला येऊन बसली.

पोर्तुगाल १९६४पासून या स्पर्धेत होता. पहिल्याच वर्षी शून्य पॉइंट्स, आणि तोपर्यंतचा बेस्ट नंबर सहावा. त्या रात्री ७५८ पॉइंट्स! ज्युरी त्याचे, पब्लिकही त्याचं. जिंकल्यावर तो जे बोलला त्याचा सूर असा, की संगीत म्हणजे फटाके नव्हेत, भावना. बाकीच्या स्पर्धकांना ते झोंबलं असणार. मला पण झोंबलं, पण वेगळ्या कारणाने. त्याच्या देशाला पन्नास वर्षं कुणी ऐकलं नव्हतं, तरी त्याने गाणं बदललं नाही. मला एका 'कुणीतरी'चं एक वाक्य पुरलं होतं.

आता लगेच "इंग्लिश हटाव"वाली समजू नका हं! लॉरिनचं २०१२चं 'युफोरिया' मी ट्रॅफिकमध्ये शंभरदा ऐकलंय. डंकन लॉरेन्सचं २०१९चं 'आर्केड' तर तुम्हीही ऐकलंय, रील्सवर, युरोव्हिजनचं आहे हे न कळता. आणि आपल्या भाषेत गायलं म्हणून रटाळ गाणं चांगलं होत नाही. पण इंग्लिश घालून जे 'कुठलंही' गाणं तयार होतं ना, एअरपोर्टवरच्या सँडविचसारखं, त्याला माझे शून्य पॉइंट्स.

२०२३चा विषय काढू नका, ब्लडप्रेशर वाढतं. ठीक आहे, काढते. लिव्हरपूल. फिनलंडचा कॅरिया लाकडी खोक्यातून बाहेर पडतो, फुगीर हिरव्या बाह्यांचं काहीतरी घालून. गाणं 'चा चा चा', फिनिशमध्ये. आठवडाभर राबून पिचलेला माणूस बारमध्ये जातो आणि हळूहळू सुटतो, एवढंच. म्हणजे आपली शुक्रवार संध्याकाळच! मतमोजणी चालू असताना अख्खा हॉल "चा चा चा" ओरडत होता. त्यातल्या किती जणांना फिनिश येत असेल? पब्लिकने त्याला ३७६ दिले, लॉरिनला २४३. ज्युरींनी लॉरिनला ३४०, त्याला १५०. टोटल ५८३ विरुद्ध ५२६. जिंकली लॉरिन. आवाज तिचाच सरस, मान्य. पण मी कार्ड काढून फिनलंडला मतं दिली होती, आणि त्या पैशांपेक्षा मला ज्युरींचे ते १५० जास्त लागले.

२०२५ला बासेलमध्ये एस्टोनियाचा टॉमी कॅश मुद्दाम मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये 'एस्प्रेसो माकियातो' गाऊन तिसरा आला. काही इटालियन लोक चिडले होते. मी हसून हसून चिवडा सांडला. पण माझं खरं प्रेम स्वीडनवर. हो, तोच १९६५ला प्रथा मोडणारा स्वीडन! १९९८नंतर पहिल्यांदा त्यांनी स्वीडिशमध्ये गाणं पाठवलं. गाणारे तिघं फिनलंडमधल्या एका छोट्या स्वीडिशभाषक गावचे, बोलीसुद्धा त्यांचीच. विषय : सौना. घाम गाळत बसणे! बँडचं नाव केएजे, आणि उच्चार चक्क 'काय'. चौथे आले.

पहाटे साडेचारला, त्याच नशेत, मी आमच्या जुन्या गिटारिस्टला मेसेज टाकला. तो आता बंगळुरूला असतो, कोड लिहितो. म्हटलं, "आपलं ते पावसाचं गाणं परत मराठीत करू या का?"

दुपारी उत्तर आलं : "ते मराठीत होतं?"