पुरुष बोलत का नाहीत?

आजारांनाही आपण वये वाटून दिली आहेत. गोवर लहान मुलांचा, मुरुमे तरुणांची, संधिवात म्हाताऱ्यांचा. या वाटणीत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा, कर्करोग आजोबांच्या वाट्याला गेला. ही वाटणी अगदीच खोटी नाही. या रोगाचे बहुतेक रुग्ण उतारवयातले असतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नव्हेत. आणि जे या हिशेबात बसत नाहीत त्यांच्याविषयीच मला येथे लिहावयाचे आहे.

अमेरिकन नट बेन स्टिलर याला हा रोग असल्याचे २०१४ साली कळले, तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. त्याला कसलाही त्रास होत नव्हता. जवळच्या नात्यात हा रोग कोणाला झाल्याचेही त्याला ठाऊक नव्हते. परंतु त्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षे आधीच रक्ताची ‘पीएसए’ चाचणी सुरू केली होती. तिचा आकडा चढत गेला, म्हणून पुढचा तपास झाला आणि त्याच वर्षी शस्त्रक्रिया होऊन तो बरा झाला. २०१६ साली त्याने ही हकीकत स्वतः लिहून जाहीर केली.

आता दुसरे उदाहरण पाहा. स्कॉटलंडचा सायकलपटू सर ख्रिस हॉय हा सहा ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी. त्याच्या वडिलांना आणि आजोबांनाही हाच रोग झालेला होता. २०२३ साली त्याचा खांदा दुखू लागला. व्यायामाने दुखावला असेल, असे प्रथम वाटले. तपासात खांद्यात गाठ सापडली आणि तिचे मूळ प्रोस्टेटमध्ये निघाले. रोग हाडांत पसरला होता. वय अवघे ४७! रोग बरा होण्यापलीकडे गेला असून डॉक्टरांनी दोन ते चार वर्षांचा अवधी सांगितला आहे, हे त्याने २०२४ साली जगाला सांगितले.

दोघेही जवळजवळ एकाच वयाचे. फरक पडला तो वेळेचा. मूत्राशयाच्या खाली असणाऱ्या, अक्रोडाएवढ्या या ग्रंथीत रोग सुरू झाला तरी प्रारंभी बहुधा काहीच जाणवत नाही. दुखण्याची वाट पाहावी, तर तोवर उशीर झालेला असू शकतो.

येथे कोणी म्हणेल, मग प्रत्येक तरुणाने चाचणी करून घ्यावी काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ग्रंथीला सूज आली किंवा ती वयोमानाने साधीच वाढली, तरी पीएसएचा आकडा चढतो. शिवाय या जातीचे कितीतरी कर्करोग इतके मंद असतात की त्यांनी माणसाला कधी त्रासही दिला नसता. उलट उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा सुटणे, लैंगिक दुर्बलता येणे असे परिणाम होऊ शकतात. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ साली सरसकट चाचणी नको असे म्हटले, आणि २०१८ साली ५५ ते ६९ या वयातील पुरुषाने डॉक्टरांशी बोलून आपले आपण ठरवावे, असा सुधारित सल्ला दिला. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या मते हे बोलणे सामान्यतः पन्नाशीला व्हावे. वडिलांना किंवा भावाला हा रोग ६५ वर्षांच्या आत झाला असेल तर ४५व्या वर्षी, आणि अशी जवळची नाती एकाहून अधिक असतील तर ४०व्या वर्षी.

म्हणजे वयाची रेघ कोठे ओढायची हे घराण्याच्या इतिहासावर ठरते. आणि नेमका हाच इतिहास आपल्या घरांत कोणी सांगत नाही! ‘काकांचे ऑपरेशन झाले.’ ‘कसले?’ ‘असेच, लघवीचे.’ संभाषण येथे संपते. आईकडचा इतिहास तर कोणी विचारीतच नाही. वास्तविक बीआरसीए-२ या जनुकातील ज्या दोषामुळे बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्याच दोषामुळे पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचाही वाढतो. मावशीचा आजार भाच्याला सांगण्यासारखा असतो, तो यासाठी.

हे मौन कशासाठी? ग्रंथी अवघड जागची, आणि तिचा संबंध पुरुषत्वाशी. सत्तरीच्या माणसाला निदान त्याच्या वयाचे सोबती तरी भेटतात. पंचेचाळिशीच्या माणसाची मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, संसार ऐन भरात असतो. आपल्या आजाराचे नाव घेतले तर लोक आपल्याला अर्धा पुरुष समजतील, ही भीती त्याला रोगाइतकीच पोखरते. स्टिलर आणि हॉय यांनी पदके किंवा चित्रपट देऊन जेवढे केले, त्याहून मोठे काम त्या एका शब्दाचा उघड उच्चार करून केले, असे मला वाटते. हॉय बोलल्यानंतर ब्रिटनमध्ये या रोगाची माहिती शोधणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, ती उगाच नव्हे.

मित्रहो, आपण विशीतले. हा विषय आपला नव्हे, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांचे वडील आज पंचेचाळीस ते पंचावन्न या वयाचे आहेत. आपल्या काही प्राध्यापकांचेही वय तेच. तेव्हा सुट्टीत घरी गेलात की वडिलांजवळ बसा आणि एकच प्रश्न विचारा : ‘बाबा, आजोबांना नेमके काय झाले होते?’ ते उत्तर टाळतील. पुन्हा विचारा.