बडोद्याची जुनी कार खानदेशात आणताय? आरसी स्वच्छ असेल, पण पुराचं काय?

नागरवाड्यातल्या काकांच्या ओळखीने बडोद्याची वापरलेली कार नंदुरबार, नवापूर किंवा धुळ्याच्या पुतण्याने घ्यायची, हे सीमाभागात नवीन नाही. घरातली ओळख, बरी किंमत, मग मेकॅनिकला कशाला दाखवायची, असं म्हणत व्यवहार उरकतो. ऑगस्ट २०२४ नंतर मात्र एवढ्या भरवशावर जीजे-०६ पासिंगची गाडी घेणं महागात पडू शकतं.

त्या महिन्याच्या अखेरीस मुसळधार पाऊस आणि आजवा धरणाकडून आलेलं पाणी यामुळे विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. रस्त्यावर आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असंख्य गाड्या बुडाल्या.

त्या गाड्या गेल्या कुठे?

सगळ्या भंगारात जात नाहीत. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी साधारणपणे 'टोटल लॉस' धरते आणि भरपाई देते. उरलेली गाडी लिलावात निघते. घेणारा ती दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणू शकतो. काही मालक स्वतःच्या खर्चाने गाडी चालू करून विकतात.

गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पण पुन्हा चालू झालेल्या गाडीची आरसी जिवंतच राहते. परिवहनच्या ॲपवर कितवा मालक, कर्ज, विमा, पीयूसी दिसतं. गाडी पुरात होती का, हा रकानाच नाही. त्यामुळे विकणारे काका प्रामाणिक असले तरी त्यांनाही ते ठाऊक नसेल, कारण त्यांनीही पुरानंतरच ती दुसऱ्याकडून घेतलेली असू शकते.

पाणी कुठे सापडतं?

इंजिन खोलून नीट करता येतं. वायरिंग मात्र हळूहळू गंजतं. सेन्सर, पॉवर विंडो, एअरबॅग काही महिन्यांनी दगा देतात. म्हणून ट्रायल मारून भागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या भागावर मातीचा डाग आहे का? मॅटिंग उचला. डिकीत स्टेपनीखाली चिखल किंवा गंज बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, हेडलाइटच्या आतलं धुकं, फ्यूज बॉक्समधली माती तपासा. जुन्या गाडीत कोरं करकरीत मॅटिंग आणि अत्तराचा घमघमाट असेल तर जास्तच संशय घ्या. विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून बघून घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद आणि २०२४ ची विमा पॉलिसी मागा. त्या वर्षी क्लेम झाला असेल तर पुढच्या पॉलिसीतला नो क्लेम बोनस सहसा गेलेला दिसतो.

राज्य बदललं की खर्चही

खासगी कारवर गुजरातमध्ये साधारण ६ टक्के कर लागतो. महाराष्ट्रात पेट्रोल कारला तो ११ टक्क्यांपासून पुढे आहे, जुन्या गाडीला वयानुसार कमी. गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी बडोदा आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवा. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५. हा खर्च धरला की 'स्वस्त' गाडीतला फरक बराच आटतो.

विकणाऱ्यालाही सुटका नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की, गाडी हातोहात विकली गेली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे गाडी नवापुरात धावतेय आणि नाव नागरवाड्यातल्या काकांचं, तर नोटीस काकांच्या दारात.

विमा कंपन्यांच्या 'टोटल लॉस'ची नोंद परिवहनच्या ॲपवर दिसू लागली, तर अर्धा प्रश्न सुटेल. तोवर बयाणा देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा, आणि नाव बदलल्याची पावती दोघांनीही जपून ठेवा. नात्यात कटुता येण्यापेक्षा एका दिवसाचा उशीर परवडला.