सूर्य सगळ्यांचा, मग स्वस्त वीज कुणाची?

कबनूर-इचलकरंजीत मागांचा खडखडाट थांबला की समजायचं, लाईट गेली! इथल्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचं सूत दुसऱ्याचं असतं, पण लाईटबिल स्वतःचं.

केंद्राने 2022 साली नियम केला. 100 किलोवॉट किंवा त्याहून जास्त भाराचा ग्राहक सौर, पवनवीज थेट उत्पादकाकडून घेऊ शकतो. आधी ही अट 1 मेगावॉट होती. छानच की! पण 27 हॉर्सपॉवरचं कनेक्शन म्हणजे जेमतेम 20 किलोवॉट. मोठी मिल स्वस्त विजेकडे जाणार, छोटा मागवाला जुन्याच दराला बांधलेला. ह्याला न्याय म्हणायचं?

वाट आहे. स्वतःच्या मालकीच्या प्रकल्पाला ही अट नाही. आणि 2005 च्या वीज नियमांप्रमाणे सहकारी संस्थेचे सभासद एकत्रितपणे मालक धरले जातात. 26 टक्के मालकी आणि 51 टक्के वापर त्यांचा हवा, एवढंच. साखर कारखाने उभारणाऱ्या जिल्ह्याला सहकार काय शिकवायचा? अडतं ते भांडवलावर. म्हणून बिलातल्या सवलतीबरोबरच सरकारने अशा संस्थांच्या भागभांडवलालाही हात द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाहीतर ऊन सगळ्यांच्या पत्र्यावर आणि फायदा मात्र एकाच शेडला! पटतंय ना?