परत आलेला मुलगा पाहुणा नव्हे

शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावी गेलेली मोठी मुलं पुन्हा आई-वडिलांच्या घरी राहायला आली, की घराची घडी कशी विसकटते, हे आता पुष्कळजणींना ठाऊक झालंय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईहून कितीतरी मुलं बॅगा उचलून घरी आली. अमेरिकेतसुद्धा त्या जुलै महिन्यात १८ ते २९ वयाची निम्म्याहून अधिक मुलं आई-वडिलांकडे राहत होती म्हणे! पुढे काही परत गेली, काही राहिली. आमचे भाऊजी राहिलेल्यांतले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बी. एस्सी. झाल्यावर राज्यसेवेच्या परीक्षेसाठी चार वर्षं पुण्यात होते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, मेसमध्ये जेवायचं आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचं. पैसे मामंजी पाठवायचे. ५ एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली. मग पुन्हा ढकलली. शेवटी १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली, तर तीन दिवस आधी तीही रद्द! पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. भाऊजींचं थोडक्यात हुकलं. पुण्यातली कॉट सोडलेलीच होती. ते इथेच, भिंगारला राहिले.

सुरुवातीला सासूबाईंना आनंद झाला. चार वर्षं मेसचं खाल्लेलं लेकरू! एक दिवस शेंगोळी, एक दिवस पुरणपोळी. पण महिने सरले तसं कुणी काही बोलेनासं झालं. मामंजी पेपर वाचता वाचता उसासा टाकत. आमचे हे बिलं भरत आणि गप्प बसत. आणि मी? खोटं कशाला सांगू, मी मनातून धुसफुसत होते. शाळेत मी तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळचे तास संपवून घरी यावं, तर ओट्यावर चहाचे कप, दोरीवर आणखी एका माणसाचे कपडे, आणि कणीक पुन्हा मळायची. घरात माणूस वाढलं की काम कुणाचं वाढतं, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको.

एका रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठले. बघते तर भाऊजी मोरीत बसून, आवाज न करता, आपलं ताट घासत होते. मला पाहून दचकले. म्हणाले, "वहिनी, एक सांगू? माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या करत जाऊ नका. उरलं असेल ते मला चालतं."

माझ्या पोटात कालवलं. ज्या घरात जन्मले, तिथे हा मुलगा उरलंसुरलं खायच्या गोष्टी करत होता! जेवायला उशिरा येणं, दुपारी बाहेर फिरत राहणं, मला जो बेफिकीरपणा वाटत होता, ती लाज होती. माझी धुसफूस आणि त्यांची लाज एकाच स्वयंपाकघरात वर्षभर शेजारी शेजारी नांदली, पण कुणी तोंड उघडलं नाही.

आमच्या भिंगारला लष्कराची छावणी आहे. फौजेतून पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शनीत निघालेला माणूस ऐन पस्तिशीत ट्रंक घेऊन घरी येतो, तेव्हा गल्लीत पेढे वाटतात. तोही घरीच परत आलेला असतो, त्यालाही पुढे काय करायचं हे ठरवायचंच असतं. मग परीक्षेत हुकलेल्या मुलानंच मागच्या गल्लीनं का यावं?

दुसऱ्या रविवारी मी यांना सांगून सगळ्यांना एकत्र बसवलं. सासूबाई आधी रागावल्याच. "माझ्या लेकाकडून खानावळीचे पैसे घेणार का गं?" मी म्हटलं, "आई, पैशाचा प्रश्नच नाही. त्यांना घरातलं माणूस करायचंय, पाहुणा नाही." जनगणनेत कुटुंब कशाला म्हणतात, हे मी मुलांना शिकवताना सांगते : जी माणसं एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात, ते एक कुटुंब. चूल एक असेल, तर तिचा भारही सगळ्यांनी उचलायला हवा.

त्या दिवशी ठरलेल्या गोष्टी तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिली, काम वाटून द्या आणि ते उघडपणे करू द्या. किराणा, दळण, सिलिंडर आणि स्वतःचे कपडे भाऊजींकडे गेले. मुलगा ताट घासतो म्हणून सुनेला बोल लावायचा नाही, हे सासूबाईंनी कबूल केलं. पाळायला मात्र सहा महिने लागले!

दुसरी, मिळकत थोडी असली तरी वाटा घ्या. भाऊजींनी दोन शिकवण्या धरल्या आणि महिन्याला हजार रुपये देऊ लागले. हजारानं घर चालत नाही, पण ताटावर बसताना मान वर राहते.

तिसरी, मुदत ठरवा, आणि ती मुलालाच ठरवू द्या. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे. सरकार थांबेल तोवर घरानं मुक्यानं थांबायचं का? भाऊजी म्हणाले, "आणखी दोन प्रयत्न." ते झाले, यश आलं नाही. आज ते एमआयडीसीत नोकरी करतात आणि इथेच राहतात.

चौथी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तर एकच द्या. "काय करतो हल्ली?" विचारलं की सासूबाई म्हणतात, "घरी असतो, आम्हांला आधार आहे." विषय तिथेच संपतो.

मुलांनीही एक ध्यानात ठेवावं. आई-वडिलांनी स्वकष्टानं घेतलेल्या घरात मोठ्या मुलाला राहण्याचा कायदेशीर हक्क नाही, ते त्यांच्या मर्जीनं आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा मायेला हक्क समजू नये.

आता शेवटची गोष्ट, जी मला जास्त टोचते. शेजारची मुलगी पुण्याची नोकरी सुटली म्हणून घरी आली, तेव्हा चौथ्या दिवशी बायका विचारू लागल्या, "किती दिवस आहे?" भाऊजींना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे कायद्यानं २००५ मध्येच मान्य केलंय. पण आपल्या उंबऱ्याला ते अजून ठाऊक नाही. आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांत पहिले काही दिवस मीही होते, हे कबूल करते.

तुमच्याकडे कुणी असं परत आलं असेल, मुलगा असो वा मुलगी, तर आज रात्री त्यांना सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. पोळ्या मोजूनच करा, पण मोजताना त्यांच्याही धरा.