ओटीपी सांगितला म्हणजे सही केली

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिलाच आठवडा होता. मी कल्याणला बारावी वाणिज्यला शिकवते. तास संपला, मुलं पांगली, एकजण मात्र बाकापाशीच घुटमळत राहिला. शेवटी म्हणाला, "मॅडम, ओटीपी म्हणजे सही असते का?"

मला वाटलं, पुस्तकातली शंका आहे. वाणिज्य संघटन व व्यवस्थापन या विषयात ई-व्यवसायाचा भाग येतो, म्हटलं वाचून आला असेल. पण शंका घरची होती. त्याच्या वडिलांचं स्टेशनच्या पश्चिमेला झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी एका कंपनीचा माणूस नवं मशीन भाड्याने देऊन गेला. कागद नाही, स्टॅम्प पेपर नाही. टॅबवर काहीतरी भरलं, आधार क्रमांक घेतला, मोबाईलवर आकडे आले. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून वडील म्हणाले, "बघ रे काय आलंय, सांग त्यांना." मुलाने आकडे वाचून दाखवले. आता धंदा पडलाय, मशीन परत द्यायचंय, आणि कंपनी म्हणते की छत्तीस महिने व्हायच्या आधी परत द्यायचं असेल तर उरलेलं सगळं भाडं भरा. वडील एकाच वाक्यावर अडून बसलेत, "मी सहीच केलेली नाही."

आणि मुलाला झोप नाही. कारण आकडे त्याने वाचले होते.

शिक्षक मित्रांनो, पालकहो, हा लेख मी त्या मुलासाठी लिहितेय असं समजा. त्याला जे सांगितलं ते आपल्या सगळ्यांनाच ठाऊक असायला हवं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यातलं निम्मं त्याच्यामुळेच नीट वाचावं लागलं.

पहिलं उत्तर कडू आहे. हो, ती सही असू शकते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. २००८ साली त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा दोन गोष्टी आल्या. एक, डिजिटल सहीच्या जोडीला 'इलेक्ट्रॉनिक सही' हा मोठा प्रकार मान्य झाला. दुसरी म्हणजे कलम १०-क. एखादा करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो अमान्य ठरणार नाही, असं ते सांगतं. पुढे २०१५ मध्ये आधारची ओळख पटवून करायची ई-साईन या यादीत आली. म्हणजे आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला तो सहा आकड्यांचा ओटीपी, योग्य पद्धतीने वापरला असेल तर, कायद्याच्या नजरेत वडिलांची सहीच.

इथे एक बारीक फरक आहे, तो मुलांना शिकवताना मी फळ्यावर काढून दाखवते. सगळेच ओटीपी सारखे नसतात. आधार ई-साईनचा ओटीपी ही कायद्याने नाव घेतलेली सही आहे. तसा करार समोर आला की न्यायालय आधी तो झालेलाच आहे असं धरून चालतं, नाही म्हणणाऱ्याने ते दाखवायचं. पण वेबसाईटवर 'मला मान्य आहे' या चौकोनात केलेली टिक किंवा कंपनीने स्वतः पाठवलेला साधा ओटीपी ही तशी सही नव्हे. मग तो करार होत नाही का? होतो! कारण १८७२ च्या करार कायद्याला बहुतेक करारांसाठी सही लागतच नाही. एकाने प्रस्ताव मांडला, दुसऱ्याने स्वीकारला, मोबदला ठरला, झाला करार. भाजीवाल्याशी आपण रोज करतोच की. फक्त साध्या टिकेच्या बाबतीत "हे यांनीच मान्य केलं" हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर जास्त पडतं.

सहीचा चुरचुरीत फोटो काढून पीडीएफवर चिकटवणे हा आणखी तिसराच प्रकार. शाळाशाळांत चालतो. ते चित्र आहे. कोणीही उचलून कुठेही लावू शकतं.

खरी डिजिटल सही कशी चालते हे सांगायला मला शिक्कामोर्तब हा आपलाच शब्द फार कामाला येतो. जुन्या मराठी कागदांवर वरती मुख्य शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली छोटी मर्यादेची मुद्रा, म्हणजे मोर्तब. शिक्का सांगतो हे कोणाचं. मोर्तब सांगतं की लिहिणं इथे संपलं, याखाली कोणी ओळ घुसवली तर ती आमची नाही. डिजिटल सही दोन्ही कामं एकदम करते. संगणक सगळ्या मजकुराचं गणित करून एक लांबलचक आकडा काढतो, आणि सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने तो बंद केला जातो. करारातला एक स्वल्पविराम जरी नंतर बदलला तरी आकडा बदलतो आणि फसवणूक उघडी पडते. मुलांना हे लगेच कळतं. मोठ्यांना जरा वेळ लागतो.

ही किल्ली पेन ड्राईव्हसारख्या टोकनमध्येही मिळते. कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या छोट्या ठेकेदारांना, कंपन्यांच्या संचालकांना ती लागते, त्यांना विचारा, टोकन कुठे आहे? दहातले कितीतरी सांगतील, "सीएकडे." पासवर्डसुद्धा त्यांच्याकडेच. हे म्हणजे सह्या केलेलं कोरं चेकबुक दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्यासारखं झालं. कायद्याचं कलम ४२ सांगतं की किल्ली ताब्यात ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, ती दुसऱ्याच्या हाती लागली तर ताबडतोब कळवायचं, आणि कळवेपर्यंत होणाऱ्या गोष्टींची जबाबदारीही त्याचीच. (आपल्या शाळांमध्ये मुख्याध्यापकांचे लॉगिन कोणकोणाला पाठ असतात, यावर मी काही बोलत नाही.)

आता त्या मुलाच्या झोपेचा प्रश्न. तो सतरा वर्षांचा आहे. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्याला 'अज्ञान' म्हणतात. त्याला मी हा शब्द सांगितला तेव्हा तो पहिल्यांदा हसला. अज्ञान व्यक्तीने स्वतः केलेला करार मुळातूनच शून्य असतो, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात ठरवून टाकलं आणि आपण तो खटला अजूनही शिकवतो. पण इथे करार मुलाचा नव्हताच. आधार वडिलांचं, फोन वडिलांचा, आणि "सांग त्यांना" हे शब्दही वडिलांचे. मुलाचा फक्त आवाज होता. मी त्याला म्हटलं, तू काहीही केलेलं नाहीस, तू गल्ल्यावर मदत केलीस. हे वडिलांसमोरही म्हटलं, मुद्दाम.

वडील दुसऱ्या दिवशी भेटायला आले होते. त्यांना मी एकच विचारलं, "कराराची प्रत कुठे आहे?" प्रत नव्हती. त्या वेळी ईमेल आला असावा, पण तो ईमेल कंपनीच्या माणसानेच तिथल्या तिथे उघडून दिलेला, पासवर्ड कोणालाच आठवेना. मेसेज ज्या फोनवर आले तो फोन एक्सचेंजमध्ये गेला.

इथे मला जालन्याचा खटला आठवतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून वाद झाला आणि पुरावा होता कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र जोडावंच लागेल. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात आणून दाखवलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे, आणि आता त्यात तो गणिती आकडाही लिहावा लागतो. तेव्हा "माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे" म्हणून निवांत बसू नका. आणि ज्या फोनवर पैशाचा काही वाद आहे तो फोन दीड-दोन हजारांच्या सवलतीसाठी देऊन टाकू नका.

आता कोणी म्हणेल, मॅडम, मग हे डिजिटल करार नकोतच. माझं मत तसं नाही. चांगला डिजिटल करार कसा असतो हे आपल्या महाराष्ट्रातच घरोघर दिसतं, घरभाड्याचा लिव्ह अँड लायसन्स. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाईन पद्धतीत माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोघांचे फोटो, आधारशी पडताळणी, मुद्रांक शुल्क ऑनलाईन, मग दुय्यम निबंधकांची मंजुरी. हातात येते ती दस्त क्रमांकाची प्रत. पूर्वी निरक्षर माणसाच्या नावापुढे 'निशाणी डावा अंगठा' लिहीत आणि आपण नाक मुरडायचो. आज एमबीए झालेलाही अंगठाच देतो.

जाता जाता, कल्याणमध्ये अजून ऐकू येणारा एक गैरसमज : "अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खोली भाड्याने देणाऱ्या पालकांनी एवढं तरी वाचून ठेवा.

मुद्रांकाचंही तसंच. करार संगणकावर झाला म्हणून शुल्क सुटत नाही, कारण महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंद हाही दस्तच आहे. पूर्वी जिथे शंभराचा स्टॅम्प चाले तिथे ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे रुपये लागतात. शुल्क भरलेलं नसलं तर करार रद्द होत नाही, पण ते दंडासह भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. आणि काही कागद अजूनही इलेक्ट्रॉनिक सहीने होतच नाहीत. मृत्युपत्र त्यातलं एक. आजोबांनी व्हॉट्सअॅपवर कितीही प्रेमाने लिहिलं तरी.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. तो भाषेचा आहे. शेवटी आठ दिवसांनी, दोन लेखी पत्रांनंतर, कंपनीने प्रत पाठवली. अकरा पानं, बारीक इंग्रजी. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, तारीख, वेळ, आधार ई-साईन. मुदतीचं कलम नवव्या पानावर. वडील सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, हिशोबात माझ्यापेक्षा पक्के. ते कलम मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "हे असं सांगितलं असतं तर मी घेतलंच नसतं." करार कायदा संमती म्हणजे काय सांगतो? दोघांनी तीच गोष्ट त्याच अर्थाने मान्य करणं. ते इथे झालं का? न्यायालयात हा मुद्दा कितपत टिकेल ते वकील सांगतील, खोटं सांगून घेतलेली संमती असेल तर करार रद्द करून मागताही येतो. पण दुकानदाराने वकिलापर्यंत जायची वेळच का यावी?

हे अशक्य नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात किरकोळ कर्जांसाठी आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी तसा नियम केलाच आहे. कर्जाच्या मुख्य अटींचं एक छोटं पत्रक द्यायचं, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, आणि ते समजावून सांगितल्याची पोचही घ्यायची. मग हाच नियम मशीनच्या भाड्याला, ऑनलाईन क्लासच्या फीला, दुकानाच्या कार्ड मशीनला का नको? शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना शिकवणीच्या अॅपबद्दल सावध केलं होतं, आपोआप पैसे कापले जाण्याची परवानगी देऊ नका, अटी वाचा असं सांगितलं होतं. सल्ला चांगला. पण "वाचा" म्हणताना कोणत्या भाषेत, हे कोण बघणार? माझं मत असं की मराठी गिऱ्हाईकाकडून ओटीपी घेणाऱ्या प्रत्येकाने एका पानावर मराठीत चार गोष्टी आधी द्याव्यात : किती पैसे, किती महिने, मध्येच सोडलं तर काय, तक्रार कुठे. सरकारने सक्ती केली तर आठवड्यात होईल.

तोवर आपण वर्गात करू शकतो ते मी सुरू केलंय. मुलांना घरून कुठलाही एक डिजिटल करार आणायला सांगितलं, नावं आणि आकडे खोडून. सिमकार्ड, विमा, क्लास, मोबाईलचा हप्ता. बावन्न मुलांपैकी एकोणीस जणांच्या घरी प्रत सापडली. बाकीच्यांच्या घरी "असं काही नाहीच आपलं" असं उत्तर मिळालं. त्या एकोणीसांतली मुदतीची कलमं आम्ही तासाला मराठीत लिहून काढतोय. दोन तास ठरवले होते, पाच झाले. अभ्यासक्रम मागे पडला, ते बघू.

झेरॉक्सवाल्यांचं कंपनीशी बोलणं अजून चालू आहे. परवा वह्या घ्यायला गेले होते. मशीनवर प्लास्टिक घातलंय आणि वर शंभर पानी वह्यांचे गठ्ठे रचलेत. काका म्हणाले, "टेबल म्हणून बरं आहे मॅडम, महाग पडतं जरा." मुलगा गल्ल्यावर होता. तेवढ्यात फोन वाजला, मेसेज आला, त्याने वडिलांकडे बघितलं आणि विचारलं, "कशाचा आहे, आधी सांगा."